गाडी उभी राहू नये म्हणून: ट्रान्सपोर्टच्या स्टोअरमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी साठ्याचा हिशेब

बेळगावहून गोव्याला निघालेली गाडी रामनगरच्या पुढे, अनमोड घाट लागायच्या आत, फॅनबेल्ट तुटून उभी राहते. रात्रीचे दीड वाजलेले असतात. स्टोअरच्या फोनवर ड्रायव्हर एवढंच विचारतो, "अण्णा, बेल्ट हाय काय आपल्याकडं?" आहे म्हणालात तर पहाटेपर्यंत बेल्ट पोचतो आणि गाडी घाट उतरते. नाही म्हणालात तर सकाळी बेळगावच्या ऑटोनगरातली पार्टची दुकानं उघडेपर्यंत सगळे बसून. तोवर ड्रायव्हर-क्लिनरचा भत्ता चालू, बँकेचा हप्ता चालू, आणि माल वेळेत न मिळालेली पार्टी पुढच्या खेपेला दुसऱ्याला फोन करणार.

हे टाळायला सगळंच भरपूर आणून ठेवलं तर? तेही मी करून बघितलंय. कपाटं भरली, मालकाचे पैसे अडकले, आणि दोन वर्षांनी त्यातले निम्मे खोके धूळ खात पडलेले, कारण ज्या गाड्यांसाठी ते आणले त्या गाड्याच विकल्या गेल्या होत्या. कोणती वस्तू किती ठेवायची, हे रुपयांवरून किंवा नजरेच्या अंदाजाने ठरत नाही. ती वस्तू रोज किती लागते आणि मागवल्यावर हातात यायला किती दिवस लागतात, या दोन आकड्यांवरून ते ठरतं. उद्यमबाग, ऑटोनगर, निपाणी, संकेश्वर, कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या स्टोअरमध्ये तुम्ही नव्याने लागला असाल, तर हे दोन आकडे मिळवणं हेच तुमचं पहिलं काम.

आधी मोजा, पण त्याआधी नावं लावा

नवीन माणूस उत्साहाने पहिल्याच दिवशी मोजायला बसतो आणि चुकतो. कारण एकाच वस्तूला तीन नावं असतात. बिलावर "व्ही-बेल्ट", ड्रायव्हरच्या तोंडी "फॅनबेल्ट", मिस्त्रीच्या तोंडी नुसता "पट्टा". आपल्या भागात त्यात आणखी भर: एक मिस्त्री मराठी बोलणारा, दुसरा बैलहोंगलकडचा कन्नड बोलणारा, हेल्पर दोघांच्या मधलं काहीतरी बोलणारा. ताडपत्री तेवढी दोन्ही भाषांत ताडपत्रीच. मी लागलो तेव्हा एकाच बेल्टची दोन कार्डं होती, दोन वेगवेगळ्या रॅकवर. एका कार्डावर शिल्लक शून्य दिसली म्हणून सहा बेल्ट मागवले, आणि दुसऱ्या रॅकवर नऊ पडून होते.

म्हणून कंपनीचा पार्ट नंबर हेच खरं नाव धरा. खोक्यावरचा नंबर जसाच्या तसा उतरवा, शेवटचं अक्षरसुद्धा सोडू नका; त्या एका अक्षरात जुन्या आणि नव्या इंजिनाचा फरक असतो. त्याखाली मिस्त्री लोक जे म्हणतात ते सगळे शब्द लिहा. दोन्ही मिस्त्रींना एकेका रॅकसमोर उभं करून विचारा, "मामा, याला तुम्ही काय म्हणता? आणि हा कुठल्या गाडीला बसतो?" त्यात दोन दिवस जातील, जाऊ द्या.

मग मोजा. मोजताना तीन ढीग करा: वापरायला तयार, दुरुस्तीला गेलेलं किंवा जाणार असलेलं, आणि आता कुठल्याच गाडीला न बसणारं. तिसरा ढीग वेगळ्या कोपऱ्यात हलवा. तो साठ्यात धरला की आकडा फुगतो आणि गरजेच्या वेळी हात रिकामा राहतो.

जुना द्या, नवा घ्या

वहीतली शिल्लक आणि रॅकवरची शिल्लक यांत फरक पडतो तो बहुतेक वेळा चोरीमुळे नव्हे. घाईत दिलेला माल लिहायचा राहतो. रात्री दोनला वॉचमनमामा कुलूप उघडून ड्रायव्हरला दोन बल्ब आणि एक होज पाईप देतात, सकाळी ते ड्युटी संपवून घरी जातात, आणि तुमच्या कार्डावर सगळं जागेवरच असतं.

यावर आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला, जुना पार्ट ठेवल्याशिवाय नवा मिळत नाही. तुटलेला बेल्ट, फुटलेला बल्ब, झिजलेला लायनर, जे असेल ते दाराजवळच्या लोखंडी पेटीत टाकायचं. सकाळी पेटी उघडली की रात्री काय गेलं ते समोर येतं, आणि पार्ट नेमका का निकामी झाला हेही मिस्त्रीला बघता येतं. दुसरा, वॉचमनच्या टेबलावर दोरीला बांधलेली वही: तारीख, गाडी नंबर, वस्तू, नग, सही. दोरी महत्त्वाची आहे. सुटी वही ट्रकच्या केबिनमधून हुबळीला जाते.

कॉम्प्युटर असला तरी प्रत्येक रॅकवर पुठ्ठ्याचं कार्ड ठेवाच. आलं, गेलं, शिल्लक, एवढे तीन रकाने. माल हातात घेताना कार्ड डोळ्यासमोर असतं. कॉम्प्युटर ऑफिसात असतो. आणि रोज सकाळी चहाआधी पाच वस्तू मोजून कार्डाशी जुळवा. पाचच. महिन्याभरात सव्वाशे वस्तू तपासून होतात आणि मार्चअखेर गोडावून बंद ठेवून मोजत बसायची वेळ येत नाही.

कशावर जास्त लक्ष, कशावर कमी

सगळ्या वस्तूंना सारखा वेळ देता येत नाही. दोन प्रश्न विचारा: यात पैसे किती अडकतात? आणि हे नसलं तर गाडी उभी राहते का?

टायरमध्ये पैसे सगळ्यात जास्त. ट्रकचा एक नवा रेडियल टायर वीस हजारांच्या घरात जातो, म्हणून टायर नगावर नाही, नंबरावर सांभाळायचा. प्रत्येक टायरचा नंबर, कुठल्या गाडीला, कुठल्या चाकाला, किती किलोमीटरला चढवला आणि काढला, सगळं. रिमोल्डिंगला, म्हणजे नवं रबर चढवायला, गेलेले टायरही आपलाच साठा आहेत. ते पंधरा दिवसांनी परत येणार असतील तर तेवढे नवे मागवू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोकांना चकवतं. पाट्याचा, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगचा, सेंटर बोल्ट किंमतीला किरकोळ, पण तो तुटला की ट्रक जागचा हलत नाही. अशा स्वस्त पण गाडी अडवणाऱ्या वस्तूंची एक यादी करून भिंतीवर लावा: सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, बेल्ट, होज, क्लँप, फ्यूज, बल्ब, ब्रेकचे डायफ्राम, हब ग्रीस. या वस्तू हात सैल सोडून ठेवा. जास्तीचे दहा सेंटर बोल्ट ठेवून मालकाचं दिवाळं निघत नाही. उलट सीट कव्हर, मडफ्लॅप, केबिनचे पडदे असलं काही संपलं तरी चालतं; ते लागेल तेव्हा बाजारातून आणा.

दिवसांची वही

आता मुख्य गोष्ट. दुकानदार फोनवर सांगतो, "उद्या टाकतो." ते "उद्या" लिहून घ्या, आणि माल रॅकवर आला ती तारीखही लिहा. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस म्हणजे तुमचा खरा कालावधी. कोल्हापूर आपल्यापासून एकशेदहा किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. पण संध्याकाळी पार्सल बुक होतं, रात्री गाडीत चढतं, सकाळी इथल्या बुकिंग ऑफिसात उतरतं, तिथून टेम्पो दुपारी येतो, आणि मधे रविवार आला तर आणखी एक दिवस. आमच्या वहीत कोल्हापूरचा माल सरासरी ३ दिवसांनी येतो. हुबळीही शंभरेक किलोमीटरच. तिकडून आमचा अनुभव तसाच. पुणे आणि बंगळूर यांचा हिशेब वेगळा ठेवा.

सरासरीइतकाच सगळ्यात वाईट आकडा महत्त्वाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कितीतरी दिवस बंद राहिला. माझी क्लच प्लेटची आणि डायफ्रामची ऑर्डर त्याच वेळी कोल्हापुरात पडून होती. ३ दिवसांच्या हिशेबावर मी साठा ठेवला होता. दोन गाड्या यार्डात उभ्या राहिल्या, आणि शेवटी हुबळीहून जास्त दराने माल आणावा लागला. चूक पावसाची नव्हती. पावसाळ्यातही मी मार्च महिन्यातलाच आकडा वापरत होतो. २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, हायवे पुन्हा बंद झाला, पण तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यातच मी उत्तरेकडून येणाऱ्या वस्तूंचा साठा वाढवला होता.

सीमेवर राहणाऱ्यांना आणखी एक कारण ठाऊक आहे. सीमाप्रश्न तापला की रस्ता अडतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बसही काही काळ थांबल्या. कोणाची बाजू काय हा स्टोअरकीपरचा विषय नाही. पार्सल किती दिवस अडकेल हा आहे. म्हणून गाडी अडवणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक पुरवठादार कोल्हापूर बाजूचा आणि एक हुबळी बाजूचा ठेवाच. एक रस्ता बंद झाला तर दुसरा उघडा असतो. दोघांकडून वर्षभर थोडं थोडं घेत राहा. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदाच फोन करणाऱ्याला कोणी उधार देत नाही.

पातळ्या कशा काढायच्या

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या प्रदूषणाच्या कडक नियमाच्या, म्हणजे बीएस-६ आल्या, आणि डीईएफ, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव, रोजचं झालं. ड्रायव्हर त्याला सरळ "युरिया" म्हणतात, कारण त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. हे संपलं की गाडी आपोआप ताकद कमी करते आणि घाटात दम टाकते. म्हणजे ही वस्तू संपूच द्यायची नाही.

समजा तुमच्याकडे बीएस-६ च्या २५ गाड्या आहेत. वहीतून दिसतं की २० लिटरच्या बकेट दिवसाला साधारण ५ लागतात, गर्दीच्या दिवशी ७, मंद दिवशी ३. माल यायला साधारण ३ दिवस, उशीर झाला तर ६, लवकर आला तर २.

ऑर्डर कधी द्यायची? सगळ्यात जास्त वापर गुणिले सगळ्यात जास्त दिवस: ७ × ६ = ४२. रॅकवर ४२ बकेट उरल्या की त्याच दिवशी ऑर्डर. उद्या नाही.

कमीत कमी किती? ऑर्डरच्या पातळीतून नेहमीचा वापर गुणिले नेहमीचे दिवस वजा करा: ४२ − (५ × ३) = २७. शिल्लक २७ च्या खाली गेली तर काहीतरी बिघडलंय असं समजा आणि पुरवठादाराला फोन लावा. त्या दिवशी गाड्या अडणार नाहीत, पण हातात वेळ थोडा आहे.

जास्तीत जास्त किती? एका वेळी ६० बकेट मागवत असाल तर ४२ + ६० − (३ × २) = ९६. याच्यावर साठा गेला तर तुम्ही लवकर मागवलं किंवा वापर उतरला. जागाही ९६ बकेटची धरा, जास्त नाही.

आता कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तीन आकडे लाल पेनने लिहा: २७, ४२, ९६. आणि ४२ वी बकेट जिथे येते तिथे थप्पीवर रंगीत पट्टी लावा. हेल्परला गणित यायची गरज नाही. पट्टी उघडी पडली की तो तुम्हाला हाक मारतो. आमच्याकडे हेल्पर मुलगा रोज सकाळी ओरडतो, "अण्णा, पट्टी दिसाली!" एवढ्यावर आमचं निम्मं काम चालतं.

स्वस्त, सावकाश खपणाऱ्या वस्तूंना हे गणित लावत बसू नका. तिथे दोन डबे पुरे. पुढचा डबा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि ऑर्डर द्यायची.

एका वेळी किती मागवायचं

दर वेळी थोडं मागवलं तर फोन, भाडं, हमाली, बिलं वाढतात. एकदम मागवलं तर पैसे आणि जागा अडकते. या दोन्हींचा मेळ घालणारं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन माणसाने १९१३ मध्ये मांडलं, आणि अजूनही ते उपयोगी पडतं: वर्षाचा वापर गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ.

डिझेल फिल्टर वर्षाला ४५० लागतात, एका ऑर्डरमागे भाडं-हमाली धरून २०० रुपये जातात, एक फिल्टर वर्षभर ठेवायला व्याज, जागा, खराबी धरून ५० रुपये. २ × ४५० × २०० = १,८०,०००; भागिले ५० म्हणजे ३,६००; वर्गमूळ ६०. म्हणजे एका वेळी साठेक फिल्टर, वर्षात सात-आठ ऑर्डरी. पन्नास मागवा की सत्तर, फार फरक पडत नाही. दहा किंवा तीनशे मागवलेत तर पडतो.

डिस्काउंटपुढे मात्र हे सूत्र लोक विसरतात. सेल्समन म्हणतो, "सर, शंभर घ्या, दहा टक्के सोडतो." आधी विचारा, ही गाडी आपण अजून किती वर्षं ठेवणार? बीएस-४ वरून बीएस-६ वर जाताना आमच्या भागात कितीतरी स्टोअरमध्ये जुन्या इंजिनांचे फिल्टर अडकले. दहा टक्के वाचवून नव्वद टक्के रॅकवर गोठवायचे नाहीत. सहा महिन्यांत खपेल एवढंच घ्या, त्यापुढचं डिस्काउंट सोडून द्या.

दर विचारताना कर बाजूला ठेवून मूळ किंमत विचारा. कोल्हापूर दुसऱ्या राज्यात, म्हणून तिथल्या बिलावर आयजीएसटी असतो; हुबळी आपल्याच राज्यात, म्हणून तिथल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. आपली फर्म त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेते की नाही हे अकाउंटंटला एकदाच नीट विचारून घ्या. दोन दरांची तुलना त्यावर बदलते. आणि माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. बंगळूर पाचशेच्या आसपास, म्हणजे तीन दिवस. गाडी वाटेत बदलली आणि नवा नंबर टाकायचा राहिला, की माल रस्त्यात अडकतो आणि तुमचा ३ दिवसांचा आकडा ५ होतो.

बेळगावचं वर्ष

एकच पातळी बारा महिने चालत नाही. मेअखेर वायपर, ताडपत्री, दोर, बल्ब, वायरिंगची टेप वाढवा. खानापूर-लोंढा बाजूचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कारण सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रेक लायनर जास्त जातात, घाटात ओल्या रस्त्यावर. गणपती आणि दिवाळीत हमाल गावाला जातात, दुकानं अर्धी चालतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या दिवशी शहरात टेम्पो फिरत नाही. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हलग्याजवळ मोर्चे आणि वाहतूक वळवणं ठरलेलं.

सगळ्यात मोठा फटका उसाच्या हंगामाचा. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरपासून चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी भागातले कारखाने सुरू होतात. उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरमुळे टायर, ट्यूब, पाटे, बेअरिंग यांना बाजारात एकदम मागणी येते. आपल्या गाड्या ऊस वाहत नसल्या तरी दुकानातला माल त्यांच्याकडे जातो आणि आपल्याला "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकावं लागतं. म्हणून या वस्तू दसऱ्याच्या आत भरून घ्या, आणि फेब्रुवारीनंतर हळूहळू पातळी उतरवा.

ठेवलेला माल टिकला पाहिजे

ऑइलचं २१० लिटरचं पिंप उघड्यावर उभं ठेवू नका. वर पाणी साचतं, रात्री पिंप थंड झालं की बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. युरियाच्या बकेट पत्र्याच्या खाली तापू देऊ नका. ३० अंशांत तो वर्षभर टिकतो, ३५ अंशांत सहा महिनेच. तांब्या-पितळेच्या किंवा साध्या लोखंडी भांड्यात तो कधीच ओतू नका. टायर उभे ठेवा, वेल्डिंग आणि मोटरपासून लांब. टायरवरचे चार आकडे वाचायला शिका: २३२४ म्हणजे २०२४ मधला २३ वा आठवडा. जुना आधी काढा. खोकी जमिनीवर नाही, फळ्यांवर. पावसाळ्यात ओल खालून येते.

दर महिन्याला अर्धा तास

१ तारखेला कार्डं घेऊन दोन्ही मिस्त्रींबरोबर बसा. गेल्या महिन्यात कुठली गाडी कुठल्या पार्टसाठी उभी राहिली, किती तास? कुठल्या कार्डावर तीन महिन्यांत काहीच हललं नाही? कुठली गाडी विकायची चर्चा आहे? कुठला पार्ट दोनदा गेला? एकाच गाडीचा बेल्ट महिन्यात दोनदा तुटला तर साठा वाढवायचा नसतो, पुली तपासायची असते. जिथे लाल आकडा बदलायचा तिथे जुना खोडून नवा लिहा, शेजारी तारीख घाला. न हललेल्या वस्तूंची यादी मालकाला द्या: कुठली परत जाते, कुठली ऑटोनगरात कमी दराने निघते, कुठली भंगारात. त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या पुरवठादारांना फोन करून पुढच्या महिन्याचा अंदाज कळवा, आणि ते जी तारीख देतील ती दिवसांच्या वहीत लिहा.